कॅमेऱ्याने पास केलेला माल

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये रात्रपाळीत काय घडू शकते ते आधी पाहू. सीएनसीवरून उतरलेले शाफ्ट छोट्या कन्व्हेयरवरून सरकत आहेत. वर गोल दिवा, त्याच्या मधोमध कॅमेरा, शेजारी संगणक. पूर्वी या जागी दोन तपासनीस बसत. आता सॉफ्टवेअर प्रत्येक शाफ्टचा फोटो पाहून ० ते १ च्या दरम्यान गुण देते. ०.९० च्या वर गेला की माल पास, खाली राहिला की लाल ट्रेमध्ये. त्या रात्री शाफ्टवर कूलंट जरा जास्त राहिले आहे, पृष्ठभाग चमकतो आहे आणि चांगले शाफ्टही लाल ट्रेमध्ये पडू लागले आहेत. चाकणची गाडी पहाटे भरायची आहे. सुपरवायझर सेटिंगमध्ये जातो, ०.९० चे ०.७५ करतो. लाल ट्रे भरायचा थांबतो, गाडी वेळेवर सुटते, सुपरवायझर सकाळी घरी जातो. आकडा मात्र ०.७५ वरच राहतो, कारण तो बदलला आहे हे पुढच्या पाळीला ठाऊकच नसते.

यात कोणी लबाडी केलेली नाही. डिस्पॅच सांभाळणारा कोणताही माणूस हेच करील. पण सहा महिन्यांनी त्यातला एक केसासारखी चीर असलेला शाफ्ट गाडीत मोडला, तर ग्राहकाचा पहिला प्रश्न असेल : त्या दिवशी तपासणी कोणी केली, कोणत्या निकषावर केली, आणि निकष बदलला असेल तर कोणाच्या परवानगीने? त्यावर ‘सॉफ्टवेअरने पास केला’ एवढेच उत्तर हाती असेल, तर कारखानदाराकडे उत्तर नाही असाच त्याचा अर्थ होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कायदेशीर धोके म्हटले की आपल्याला दिल्लीतले धोरण किंवा अमेरिकेतले खटले आठवतात. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात तो धोका सेटिंगच्या त्या एका आकड्यात असतो, म्हणून सुरुवात तिथून केली.

यंत्राला काम देणे पिंपरी-चिंचवडला नवे नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाजच्या भोवती शेकडो लघुउद्योग उभे राहिले आणि पुढे कारखानदारी चाकण, तळेगावकडे सरकली. बजाज ऑटोने तर २०१० पासूनच माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे यंत्रमानव वापरायला घेतले. पण आजवरची यंत्रे सांगितले तेवढेच करीत. गो-नो-गो गेजला मत नसते. शाफ्ट त्यात बसतो किंवा बसत नाही, आणि का बसला नाही हे कोणीही मोजून दाखवू शकतो. शिकलेले सॉफ्टवेअर हजारो फोटोंवरून स्वतःचा अंदाज बांधते. ते एखादा शाफ्ट का नाकारते हे ते विकणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही, आणि दिवा बदलला, मालाची बॅच बदलली की त्याचा अंदाजही हलतो. आपले सगळे कायदे मात्र असे धरून चालतात की निर्णयाला कारण असते आणि निर्णयामागे माणूस असतो. अडचण इथे आहे.

भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळा कायदा नाही. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांचाही सूर असा की तूर्त नवा कायदा नको, आहेत ते कायदे बऱ्याच ठिकाणी पुरतात. उद्योजकांच्या बैठकांत याचा अर्थ ‘अजून काही बंधन नाही’ असा लावला जातो. मला तो अर्थ धोकादायक वाटतो. नवा कायदा नाही म्हणजे जुने सगळे लागू आहेत, आणि यंत्राने निर्णय घेतला म्हणून सूट देणारे कलम त्यांपैकी एकातही नाही.

आपल्या शाफ्टचेच पाहा. जुलै २०२० मध्ये अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उत्पादकाच्या व्याख्येत वस्तू बनवणाऱ्याबरोबर वस्तूचा भाग बनवणाराही येतो. ठरलेल्या स्पेसिफिकेशनपासून माल ढळला आणि त्यातून इजा झाली, तर भोसरीचा व्हेंडरही त्या दाव्यात ओढला जाऊ शकतो. मोटार वाहन कायद्यातले २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ आणखी पुढे जाते : दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार गाडी कंपनीला देऊ शकते. गाडी कंपनी तो खर्च स्वतःकडे ठेवत नाही. टियर-वनकडे, म्हणजे थेट पुरवठादाराकडे, डेबिट नोट जाते आणि तिथून त्याच्या पुरवठादाराकडे, टियर-टूकडे. लघुउद्योजकाला न्यायालयाची नोटीस आयुष्यात एखाद्या वेळी येईल, डेबिट नोट दर महिन्याला येऊ शकते. त्याच्यासाठी खरा कायदा म्हणजे परचेस ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटी.

समाधानाची गोष्ट अशी की या धोक्याचे औषध आपल्या क्वालिटी विभागाला आधीच माहीत आहे. वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाची शिस्त रुजलेली आहे. कॅमेरा हे मोजमापाचे साधन आहे असे एकदा मान्य केले की बाकीचे ओघाने येते. मायक्रोमीटरचा अभ्यास होतो तसा कॅमेऱ्याचाही एमएसए, म्हणजे मोजमाप यंत्रणेचा अभ्यास, व्हायला हवा : तेच पन्नास तुकडे, चांगले आणि खराब मिसळलेले, पुन्हा पुन्हा दाखवून तो दर वेळी तेच उत्तर देतो का? पोका-योके, म्हणजे चूक रोखणारी व्यवस्था, चालू आहे की नाही हे तपासायला पाळीच्या सुरुवातीला मुद्दाम सदोष तुकडा सोडतात, त्याला शॉपमध्ये ‘रेड रॅबिट’ म्हणतात. तोच कॅमेऱ्याखालून जाऊ द्यावा. वरच्या रात्रपाळीत ०.७५ वर आलेला कॅमेरा सकाळच्या पहिल्या रेड रॅबिटला पकडला जाऊ शकला असता. पासची मर्यादा कंट्रोल प्लॅनमध्ये लिहावी, ती बदलण्याचा पासवर्ड एका नेमलेल्या माणसाकडे ठेवावा, आणि बदल झाला की कोणी, केव्हा, का याची नोंद आपोआप व्हावी. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तर तो प्रक्रियेतला बदल धरून ग्राहकाला कळवावा. पुरवठादार रात्री इंटरनेटवरून अपडेट टाकून मोकळा होतो आणि कारखान्याला पत्ताही लागत नाही, ही प्रथा तर आजच बंद करायला हवी.

फोटो जपून ठेवण्यालाही कायद्याची बाजू आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकातली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ती बदलते. वाद उभा राहिल्यावर सहा महिन्यांपूर्वीचा फोटो शोधून तो बदललेला नाही हे सिद्ध करणे फार कठीण. फोटो साठवतानाच हॅश काढून ठेवणे फार सोपे. दहा ओळींचा प्रोग्राम हे काम करतो.

आता गेटवर या. निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, कुरुळी, कोणत्याही गावालगतच्या कारखान्याच्या गेटवर पाळी बदलताना कंत्राटी कामगारांची रांग चेहरा दाखवून आत जाते. बोटाच्या ठशापेक्षा हे सोयीचे, कारण तेल, घासकाम आणि सिमेंटने बोटांचे ठसे पुसट होतात. पण एखाद्या पहाटे प्रकाश कमी असतो, कामगाराने कानटोपी घातलेली असते, यंत्र ओळखत नाही. तो कामाला जातो, आठ तास राबतो, आणि महिनाअखेरीला त्याच्या नावावर खाडा लागलेला असतो. मुकादम म्हणतो, सिस्टीममध्ये नाही. मला हा विषय कॅमेऱ्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नुकसान सोसणारा माणूस सर्वांत कमी बोलू शकणारा आहे. वेतनातून कपात कोणत्या कारणांनी करता येते हे कायद्याने मोजून सांगितले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती यादी आहे. गैरहजेरीची कपात चालते, पण त्यासाठी माणूस खरोखर गैरहजर असावा लागतो. यंत्राने न ओळखणे ही गैरहजेरी नव्हे. म्हणून गेटवर हाताने लिहायचा मस्टर पर्याय म्हणून ठेवणे आणि हरकत घ्यायला एका माणसाचे नाव मराठी व हिंदीत फलकावर लावणे एवढे तरी केलेच पाहिजे.

त्या चेहऱ्याच्या माहितीचे पुढे काय होते? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतात. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला हा कायदा वेगळ्या संमतीशिवायही वाव देतो. मात्र कंत्राटी कामगार हा ठेकेदाराचा नोकर, गेटवरचा कॅमेरा कंपनीचा. ही सवलत कंपनीला मिळेल का, यावर वाद होऊ शकतो. तेव्हा संमती घेणे शहाणपणाचे, आणि संमती घ्यायची तर त्यासाठीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कामगाराला द्यावा लागतो : मराठी, हिंदी, ओडिया, मैथिली. चाकणच्या पाळीत या सगळ्या भाषा बोलणारी माणसे उभी असतात.

या कायद्यातली एक तरतूद मालकांनी लक्षात ठेवावी. माहिती कोणत्या कामासाठी व कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याचीच जबाबदारी. काम बाहेरच्या कंपनीला दिले असले, करारात काहीही लिहिले असले, तरी ती टळत नाही. हजेरीचे ॲप पुरवणाऱ्याच्या सर्व्हरमधून पाच हजार चेहरे चोरीला गेले, तर माहिती संरक्षण मंडळापुढे उभे राहायचे आहे कारखान्याला. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान कारखान्याला एवढा दंड होईल असे नाही, कारण चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहून मंडळ रक्कम ठरवते. पण चोरी कळल्यावर बाधित कामगारांना विनाविलंब कळवणे आणि मंडळाला ७२ तासांत तपशील देणे हे काम मे २०२७ पासून लहान-मोठ्या सगळ्यांना असेल. शिवाय सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला द्यावी, हा २०२२ चा आदेश लागूच आहे. काम सोडून गेलेल्या माणसाचा चेहरा यंत्रात ठेवायचा तर त्यालाही कारण लागते. कारण संपले की तो पुसायचा.

कामगारांच्या बाबतीतली आणखी एक तरतूद जुनीच आहे, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत तिचे नाव ऐकू येत नाही. कारखान्यातली पद्धत किंवा यंत्रणा सुधारल्याने कामगारकपात होण्याची शक्यता असेल, तर मालकाने आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये हे होते, आता औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये आणि तिसऱ्या अनुसूचीत आहे. दोन तपासनिसांच्या जागी कॅमेरा बसवणे हे या वर्णनात बसू शकते. कॅमेऱ्याची परचेस ऑर्डर निघाली, बसवून झाला, आणि मग युनियनला कळले, तर वाद कॅमेरा चांगला की वाईट यावर होणार नाही, नोटीस दिली नाही यावर होईल, आणि त्यात मालक हरू शकतो. ही नोटीस केवळ अडथळा मानू नये. त्या २१ दिवसांत, वीस वर्षे शाफ्ट पाहणारा तपासनीस सांगू शकतो की कोणती चीर उजेडाच्या कोणत्या कोनात दिसते. सॉफ्टवेअरला शिकवायला त्याच्यापेक्षा जाणता माणूस शॉपमध्ये दुसरा नाही. लाल ट्रेचा शेवटचा निर्णय त्याच्याकडेच ठेवला, तर कायद्याला हवा असलेला जबाबदार माणूसही मिळतो आणि नोकरीही राहते.

प्रेस शॉपबद्दल मात्र तडजोड नको. सेफ इन इंडिया ही संस्था ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत कामगारांची बोटे कशी जातात हे ती सातत्याने मांडत आली आहे, आणि पॉवर प्रेस हे त्यातले एक मोठे कारण. आता कॅमेऱ्याने हात ओळखून प्रेस थांबवणारी यंत्रणा विकायला येते. ती जादा संरक्षण म्हणून जरूर बसवा. पण ९९ टक्के अचूकता हा फोटो तपासताना अभिमानाचा आकडा असला, तरी दिवसाला हजारो ठोके मारणाऱ्या प्रेसवर उरलेल्या एका टक्क्यात कोणाचा तरी हात असतो. लाइट कर्टन आणि दोन्ही हातांनी दाबायची बटणे काढून त्या जागी कॅमेरा ठेवणाऱ्याला कोणताही कायदा वाचवणार नाही, आणि वाचवूही नये.

ऑफिसात बसून होणारी चूक वेगळीच. जर्मन ग्राहकाचे ड्रॉइंग आले, टिपा जर्मनमध्ये आहेत, इंजिनिअरने फोटो काढून फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकला आणि भाषांतर मागितले. काम पाच मिनिटांत झाले. पण ड्रॉइंग ग्राहकाच्या मालकीचे, गोपनीयतेच्या करारावर मालकाची सही, आणि जर्मन गाडी कंपन्यांच्या पुरवठादारांना बहुधा माहिती-सुरक्षेचे टिसॅक्स मूल्यांकन करून घ्यावे लागते. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. सॅमसंग ते सोसू शकली, एका ग्राहकावर साठ टक्के धंदा असलेल्या व्हेंडरला ते झेपणार नाही. नुसत्या बंदीने मात्र काम भागत नाही, ऑफिसातली मुले मोबाइलवर तेच करतात. ज्याच्या करारात दिलेली माहिती शिकवणीसाठी वापरणार नाही असे लिहिले आहे, असे पैसे भरून घेतलेले एक साधन द्यावे आणि ड्रॉइंग, दर, कामगारांची माहिती या तीन गोष्टी बाहेरच्या साधनात टाकायच्या नाहीत असे मराठीत लिहून प्रत्येक टेबलावर लावावे.

चॅटबॉटकडून कारणे दाखवा नोटीस लिहून घेणाऱ्या एचआरवाल्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ मधला केएमजी वायर्स प्रकरणातला निकाल वाचनीय आहे. प्राप्तिकराच्या आदेशात ज्या न्यायनिवाड्यांचा आधार घेतला होता, ते अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि यंत्रणेने दिलेल्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नका, पडताळा, असे बजावले. सरकारी खात्याला जे लागू, ते पुण्याच्या कामगार न्यायालयात उभ्या राहणाऱ्या कंपनीलाही लागू.

निर्यातदारांनी युरोपकडे लक्ष ठेवावे. १ ऑगस्ट २०२४ ला अंमलात आलेला तिथला कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा, यंत्रणा भारतात चालत असली तरी तिचे फलित युरोपात वापरले जात असेल तर लागू होऊ शकतो. शाफ्ट तपासणारा कॅमेरा सहसा त्याच्या उच्च जोखमीच्या यादीत येत नाही. नोकरीसाठी अर्ज चाळणारे किंवा कामगारांवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर येते, म्हणजे पुण्यात बसून जर्मन मूळ कंपनीसाठी उमेदवार निवडणाऱ्या कार्यालयाने सावध राहायला हवे. उच्च जोखमीच्या यंत्रणांच्या तारखा पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला, पण कामाच्या ठिकाणी माणसांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर फेब्रुवारी २०२५ पासूनच बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी त्यातून वगळली आहेत. डिसेंबर २०२६ पासून तिथल्या उत्पादन दायित्वाच्या नव्या नियमांत सॉफ्टवेअरही उत्पादन धरले जाईल.

हे सगळे वाचून वीस माणसांचा कारखाना चालवणारा माणूस विचारेल, मी वकील ठेवू की ऑपरेटर? त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणून हे काम एकेकट्याने करण्याचे नाही. पिंपरी-चिंचवड लघुउद्योग संघटना आहे, १९३४ पासूनची मराठा चेंबर आहे, चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे. सॉफ्टवेअर पुरवठादाराशी करायच्या कराराचा एक सामायिक मसुदा त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत तयार करावा. आज हे करार पुरवठादाराच्या वकिलाने लिहिलेले असतात. त्यात नुकसानभरपाईची मर्यादा बहुधा वर्षभराच्या भाड्याएवढी, वाद मिटवायची जागा बंगळुरू किंवा सिंगापूर, आणि कारखान्यात काढलेल्या फोटोंवर आपली यंत्रणा सुधारण्याचा हक्क पुरवठादाराकडे. या शेवटच्या अटीकडे कोणी पाहत नाही. तपासनिसांनी वर्षानुवर्षे ओळखलेले आपल्या मालाचे दोष त्या फोटोंतून पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि उद्या तेच शिकलेले सॉफ्टवेअर शेजारच्या गल्लीतल्या स्पर्धकाला विकले जाते. फोटो माझे, त्यांवर शिकवायचे तर माझ्या लेखी परवानगीने. अपडेटची पूर्वसूचना. बदलांची नोंद माझ्या संगणकावर. करार संपल्यावर कामगारांची सगळी माहिती पुसल्याचा दाखला. वाद झाला तर पुण्याचे न्यायालय. या पाच अटी घेऊन एकटा व्हेंडर गेला तर पुरवठादार दुसरे गिऱ्हाईक शोधेल. संघटनेचे पाचशे सभासद एकाच मसुद्यावर अडून बसले, तर त्याला टेबलावर बसावेच लागेल.